सेप्सिसवर पीएच.डी. कोणी करावी?



संयोजकांनी मला ‘आयटीतल्या नोकऱ्या आणि आपली मुलं’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो दिला, त्याबद्दल त्यांचे आभार. आयटीबद्दल सांगायला आपल्या गटावर निदान पंधरा जण आहेत आणि ते रोज सांगतच असतात!

विषय बदलण्याचं कारण तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षी आपला एक मित्र गेला. गटावर निरोप आला, त्यात कारण लिहिलं होतं : सेप्टिक शॉक. त्या रात्री सात-आठ जणांनी मला वेगळे निरोप पाठवून विचारलं, “म्हणजे नेमकं काय गं? त्याला तर साधा ताप होता ना?” मी डॉक्टर नाही. पण माझं काम रुग्णालयांच्या प्रयोगशाळांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचं आहे, म्हणून मला माहीत असेल असं त्यांना वाटलं. मी वाचायला बसले. त्याच सुमारास माझी भाची एम.एस्सी. करून पीएच.डी.च्या जागा शोधत होती, तिच्याबरोबर जाहिराती वाचत होते. या दोन वाचनांतून जे हाती लागलं ते आज सांगते. शेवटी आपल्या बॅचच्या निधीबद्दल एक मागणीही करणार आहे, तेव्हा जेवणाची घाई करू नका.

आधी आजार समजून घेऊ. आपल्या रक्तात एरवी जंतू नांदत नाहीत. अधूनमधून शिरतात जरूर, अगदी जोरात दात घासले तरी काही जंतू रक्तात जातात. पण यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षक पेशी त्यांना गाळून खाऊन टाकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. फुप्फुस, मूत्रमार्ग, पोट, एखादी चिघळलेली जखम, सलाईनची नळी अशा ठिकाणाहून जंतू मोठ्या संख्येनं किंवा चिवटपणे आले, की ही गाळणी कमी पडते. मग शरीर सगळीकडे धोक्याची घंटा वाजवतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून पाणी झिरपतं, रक्तदाब उतरतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंड आणि फुप्फुसं थकतात. २०१६ साली तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या पक्की केली तिचा मथितार्थ असा : संसर्गाला शरीरानं दिलेला प्रतिसाद ताळतंत्र सोडतो आणि त्यामुळे अवयव निकामी होऊन जीव धोक्यात येतो. म्हणजे माणूस फक्त जंतूमुळे जात नाही, स्वतःच्या संरक्षणामुळेही जातो.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देते. एखादा सर्व्हर थोडा मंदावला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या यंत्रणा ‘उत्तर आलं नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा विचारणा करतात. प्रत्येक यंत्रणा तिच्या नियमानं बरोबरच वागत असते. पण सगळ्यांच्या विचारणा मिळून त्या आजारी सर्व्हरला पार झोपवतात आणि मग बाकीच्यांनाही. मूळ बिघाड बारीक होता, पडझड प्रतिसादामुळे झाली. सेप्सिस काहीसा असा आहे. पण उदाहरण इथेच सोडावं लागतं. आम्ही विचारणा थांबवून यंत्रणा पुन्हा सुरू करू शकतो. शरीराचा प्रतिसाद थांबवला तर जंतू मोकळे सुटतात. शिवाय एकाच रुग्णात एका बाजूला दाह भडकलेला असतो आणि दुसऱ्या बाजूला प्रतिकारशक्ती दमून गेलेली असते. हेच या विषयाचं खरं अवघडपण.

किती मोठा प्रश्न आहे? २०१७ या वर्षासाठीचा जगाचा अंदाज २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक. त्याच २०१७ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेनं सेप्सिसवर ठराव करून सर्व देशांना लक्ष घालायला सांगितलं. एवढं असून आपल्यापैकी कितीजणांनी हा शब्द गेल्या वर्षीच्या आधी ऐकला होता?

आता संशोधनाकडे वळते. आपल्याला वाटतं की इतका जुना आजार, सगळं शोधून झालं असेल. तसं नाही. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि भटक्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या पाहिल्या. भक्षक पेशींची कल्पना तिथून आली. पण या पेशींना जंतू आलाय हे कळतं कसं? जंतूंच्या एका मोठ्या गटापुरतं त्याचं ठोस उत्तर १९९८ मध्ये मिळालं. ब्रूस ब्युटलर यांनी उंदरांचा एक वंश घेतला, ज्याला जंतूंच्या कवचातलं विष टोचलं तरी काही होत नसे. त्या उंदरांत एका ग्राहकाचा, टीएलआर-४ चा, जनुक बिघडलेला निघाला. या कामाला २०११ चं नोबेल मिळालं. गंमत पुढे आहे. हे उंदीर विषाला दाद देत नाहीत, पण खरे जिवंत साल्मोनेला जंतू टोचले तर इतर उंदरांपेक्षा लवकर मरतात. घंटाच बंद केली तर चोर आल्याचंही कळत नाही.

हा धडा औषध कंपन्यांना महागात पडला. दाह दाबणारी अनेक औषधं उंदरांत चालली आणि माणसांत पडली. एका औषधाला तर २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ते जगभर वापरलं गेलं, आणि नव्या चाचणीत मृत्यू कमी होत नाहीत असं दिसल्यावर २०११ मध्ये बाजारातून काढून घेतलं गेलं. आजही उपचार म्हणजे वेळेवर योग्य प्रतिजैविक, सलाईन, रक्तदाब टिकवणारी औषधं, संसर्गाचं मूळ काढणं आणि अवयवांना आधार देणं. बिघडलेला प्रतिसाद ताळ्यावर आणणारं भरवशाचं खास औषध नाही. म्हणून तरुण संशोधकाला इथे भरपूर जागा आहे.

भाचीबरोबर जाहिराती वाचताना तीन-चार प्रकारचे प्रश्न वारंवार दिसले. ते सांगते, कारण ‘पीएच.डी. म्हणजे जाड प्रबंध’ एवढंच आपल्याला ठाऊक असतं. प्रत्यक्षात ती एका नेमक्या प्रश्नाच्या मागे घालवलेली चार-पाच वर्षं असतात.

पहिला प्रकार : जंतू गाळणीतून निसटतो कसा? लेस्टर विद्यापीठातल्या गटानं उंदरांच्या रक्तात न्युमोकोकस जंतू सोडले. बहुतेक जंतू काही तासांत नाहीसे झाले. पण ज्या उंदरांत नंतर आजार उसळला, त्यांच्या रक्तातले जंतू बहुधा एकाच जंतूची संतती होते. तो एक कुठे लपला होता? २०१८ मध्ये त्यांनी दाखवलं की प्लीहेतल्या भक्षक पेशींच्याच पोटात तो वाढत होता. पहारेकऱ्याच्या चौकीतच चोर! असाच प्रश्न इतर जंतूंसाठी आणि यकृतासाठी विचारता येतो.

दुसरा प्रकार : पांढऱ्या पेशी आपलंच नुकसान कधी करतात? २००४ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की न्यूट्रोफिल पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतू पकडतात. पण हीच जाळी रक्तात गुठळ्या करायला मदत करतात आणि वाहिन्यांच्या अस्तराला इजा करतात. जाळं कधी उपयोगी आणि कधी घातक, हे अजून शोधलं जातंय.

तिसरा प्रकार : निदान. रक्ताचं कल्चर लावलं की जंतू वाढायला साधारण एक-दोन दिवस लागतात, कधी पाच दिवस वाट पाहतात. तोवर डॉक्टर अंदाजानं औषध देतात. टायफॉइड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा, तोही रक्तातल्या जंतूंचाच आजार. त्यात एक कल्चर साधारण दहापैकी सहा रुग्णांतच जंतू पकडतं. आणि आपण लहानपणापासून जी ‘विडाल’ ऐकतो ती चाचणी १८९६ सालची आहे. ती खोटा होकारही देते, खोटा नकारही देते, तरी अजून गावोगाव चालते. रक्ताच्या चार थेंबांतून तासाभरात खात्रीचं उत्तर देणारी स्वस्त चाचणी कोणी शोधली तर ते काम किती मोठं होईल, विचार करा.

चौथा प्रकार माझ्या जवळचा : आकडे. अतिदक्षता विभागात मिनिटामिनिटाला नोंदी होतात. बोस्टनच्या एका रुग्णालयातल्या हजारो रुग्णांच्या नोंदी नावं-ओळखी काढून ‘मिमिक’ या नावानं संशोधकांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. संशोधनाच्या नीतिनियमांचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करायचा, करारावर सही करायची, की त्या मोफत मिळतात. कोणाचा रक्तदाब उतरणार हे काही तास आधी ओळखता येईल का, सगळ्यांचा सेप्सिस एकच आहे की चार वेगळे आजार एका नावाखाली आलेत, असे प्रश्न त्यांतून विचारले जातात. म्हणून ज्यांची मुलं संगणक, संख्याशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स शिकतायत त्यांनी हा विषय ‘बायोलॉजीवाल्यांचा’ म्हणून सोडू नये. आपल्या वेळी अकरावीला ए ग्रुप आणि बी ग्रुप अशी भिंत होती. संशोधनात ती भिंत आता बरीच पडली आहे.

हे सगळं परदेशातलं, असं वाटत असेल तर आपल्याकडचं ऐका. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांचा अभ्यास झाला. दाखल केलेल्या १३,५३० बाळांपैकी १४.३ टक्क्यांना सेप्सिस झाला, आणि सापडलेल्या जंतूंत बऱ्याच औषधांना न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर सगळ्यांत पुढे होता. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांवर बाळांना सात दिवस उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जंतू आणि त्यांचं खाद्य देऊन पाहिलं. सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. हे २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेनं टायफॉइडच्या नव्या लसीची मोहीम घेतली आणि एक लाखाहून जास्त मुलांना लस दिली. सरकारी यंत्रणेनं ही लस अशी देण्याची जगातली ती पहिली मोहीम, आणि तिचा परिणाम शास्त्रीय पद्धतीनं मोजला गेला.

आणि गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायला आणि घरी जाऊन प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या हिशेबानं नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं तो निबंध छापला. महागडं यंत्र नव्हतं. नेमका प्रश्न होता आणि काटेकोर मोजणी होती.

आता व्यवहाराचं. आपल्या मुलामुलींना या वाटेनं जायचं असेल तर काय करावं?

आपल्या देशात जीवशास्त्रासाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, जैवतंत्रज्ञान विभागाची बीईटी, इंजिनिअर मुलांसाठी गेट, आणि टीआयएफआरसारख्या संस्थांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा आहेत. कनिष्ठ पाठ्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. जेआरएफला वयाची अट असते, ती त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. संस्था शोधताना पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आणि आयसर, मुंबईत आयआयटी, बंगळूरूची भारतीय विज्ञान संस्था, चंडीगढची इमटेक, दिल्लीची राष्ट्रीय प्रतिरक्षा संस्था, फरिदाबादची टीएचएसटीआय इथून सुरुवात करा. जंतू किंवा प्रतिकारशक्ती यांवर काम करणारे गट तिथे आहेत.

बाहेर जायचं तर देशोदेशी रीत वेगळी. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएच.डी. करणारा बहुधा नोकरदार असतो, त्याला पगार मिळतो. येना शहरातल्या विद्यापीठ रुग्णालयात तर सेप्सिससाठीच केंद्र आहे. ब्रिटनमध्ये साधारण साडेतीन-चार वर्षं, विषय बहुतेकदा आधीच ठरवून जाहिरात येते. सरकारी निधीच्या काही जागा परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या असतात, पण फीमधला फरक कोण भरणार हे आधी विचारावं. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात, पण पदवीनंतर थेट प्रवेश मिळू शकतो. एक नियम सगळीकडे लागू आहे : विज्ञानाच्या पीएच.डी.ला घर गहाण ठेवून जायचं नसतं. फी माफ आणि महिन्याचा खर्च मिळत नसेल तर ती संधी आहे असं समजू नका. आणि पैसे घेऊन प्रवेश किंवा प्रबंध ‘करून देणारे’ भेटले तर नमस्कार करून बाहेर पडा.

भाचीला मी चार गोष्टी विचारायला लावल्या. या मार्गदर्शकाकडे आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? ते आता कुठे आहेत? पाठ्यवृत्ती संपली आणि काम उरलं तर पैसे कुठून येतात? प्राण्यांवर प्रयोग करावे लागतील का, आणि ते आपल्याला जमेल का? शेवटच्या प्रश्नावर ती दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, “मावशी, मी रुग्णांच्या रक्ताच्या नमुन्यांवर काम करेन.” मला तो निर्णय आवडला, कारण तो तिचा होता. हे प्रश्न आता सध्याच्या विद्यार्थ्यांना फोन करून विचारायचे, मार्गदर्शकांसमोर खरी उत्तरं नेहमी मिळतातच असं नाही.

आणि ही वाट खडतर आहे हे मुलांपासून लपवू नका. महिनोन् महिने प्रयोग फसतात. बरोबरीचे मित्र गाडी घेतात, लग्न करतात आणि आपण रात्री दोन वाजता जंतूंची संख्या मोजत असतो. पुढे कायमची नोकरी सहज मिळत नाही. ज्याला प्रश्नाचाच ध्यास आहे त्यानंच जावं. घरच्यांनी ‘अजून झालं नाही का?’ हा प्रश्न वर्षातून एकदाच विचारावा.

आपल्या वयाच्या लोकांसाठीही एक गोष्ट. आपल्यात डॉक्टर आहेत, फार्मसीवाले आहेत, प्रयोगशाळा चालवणारे आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोकरीतल्या माणसाला मालकाचं ना-हरकत पत्र आणून अर्धवेळ पीएच.डी. करता येते. बायकांना मुदतीत दोन वर्षांची जास्तीची सवलत आहे आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. तुमच्या दवाखान्यातल्या दहा वर्षांच्या नोंदी कोणाच्या तरी प्रबंधाचा पाया होऊ शकतात. तो प्रबंध तुमचाही असू शकतो.

आता मागणी. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधून द्यावी असा प्रस्ताव आहे. कमानीला माझा विरोध नाही, आपल्या शाळेला ती शोभेल. पण माझी विनंती आहे की निधीचा एक भाग दरवर्षी शाळेच्या दोन माजी विद्यार्थ्यांसाठी ठेवावा. विज्ञान शाखेत पदवी करणाऱ्या मुलामुलींना परीक्षेचं शुल्क, मुलाखतीला जायचं रेल्वेचं भाडं, दोन रात्री राहायचा खर्च. बंगळूरूच्या मुलाखतीचं पत्र आलं आणि भाड्यावाचून जाता आलं नाही, असं आपल्या शाळेतल्या एकाही मुलाचं होऊ नये. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती विद्यार्थ्यांइतकीच शिक्षकांसाठीही असते. शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांपैकी कोणी तिकडे दोन महिने जाणार असतील तर त्यांचाही वरखर्च उचलू. हिशेब मी ठेवीन, दर वर्षी गटावर टाकीन. या निधीला आपल्या मित्राचं नाव द्यायचं का, हे त्याच्या घरच्यांना विचारून ठरवू.

आणि उठण्याआधी एवढं लक्षात ठेवा. ताप असताना, किंवा जखम, लघवीचा त्रास, न्यूमोनिया असताना माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला, श्वास जोरात चालू लागला, लघवी फार कमी झाली, हातपाय गार पडले किंवा कातडी काळीनिळी दिसू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. तान्हं बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल किंवा गार पडलं तरी तसंच. दवाखान्यात जाऊन स्पष्ट विचारा, “हा सेप्सिस असू शकतो का?” हा प्रश्न विचारायला पीएच.डी. लागत नाही.

जीवशास्त्राच्या तासाला बाई म्हणायच्या, प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी बाकावर उभं करणार नाही. बाई आज समोर बसल्या आहेत. तेव्हा निधीबद्दल ज्यांना प्रश्न असतील त्यांनी निर्धास्त विचारावेत. मी उभीच आहे.